आठ महिने आलटून पालटून: इथेनॉलविरहित पेट्रोल, ई१० आणि झाकणाचा रबर

टाकीखालचा पेट्रोलचा कॉक मेनवरून रिझर्व्हवर (तळाच्या राखीव पेट्रोलावर) फिरवला की शंभर-दोनशे मीटरच्या आत बंद पडणारी बाईक, हे या सगळ्या उठाठेवीचं निमित्त. मेनवर ठणठणीत, रिझर्व्हवर मेलेली. अशा वेळी पहिला शेरा ठरलेला, ‘इथेनॉलनं वाट लावली’, आणि सल्लाही ठरलेला, ‘इथेनॉल नसलेलं पेट्रोल भर’. म्हणून आठ महिने दोन वाहनांत दोन्ही पेट्रोलं आलटून पालटून घातली. एक रोज पळणारी इंजेक्शनची (संगणकाच्या हुकुमानं पेट्रोल फवारणारी) कार, दुसरी आठवड्यातून एखाद्या वेळी निघणारी कार्ब्युरेटरची (ठरलेल्या भोकांतून पेट्रोल ओढणारी) बाईक. तीन टाक्या एक पेट्रोल, मग तीन टाक्या दुसरं. मिश्रित म्हणजे इथे ई१०, दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल; ई२० मध्ये ते वीस टक्के असतं. ई२०चा हिशेब जिथे वेगळा पडतो तिथे तसं लिहिलंय.

अ‍ॅव्हरेजचं आधी उरकतो, कारण वाद सगळ्यात जास्त त्यावर आणि दम सगळ्यात कमी त्यातच. लिटरभर पेट्रोलात साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, लिटरभर इथेनॉलात २१ च्या आसपास. त्यामुळे ई१० मध्ये लिटरमागे सुमारे साडेतीन टक्के ऊर्जा कमी पडते, ई२० मध्ये सात टक्क्यांच्या जवळपास. कारच्या वहीतला फरकही याच घरातला निघाला. टायरमधली हवा, एसी आणि सिग्नलवरचं रखडणं यांचा फरक याहून सहज मोठा असतो, तेव्हा एका टाकीवरून ‘दहाचं अ‍ॅव्हरेज गेलं’ म्हणणाऱ्यांनी आधी हवा तपासावी. मोजायचंच तर दर वेळी नोजल पहिल्यांदा कट झाल्यावर थांबायचं, वर ठिबक ठिबक भरायचं नाही, आणि निदान तीन टाक्यांची सरासरी काढायची.

याच गणितातून खरेदीचा निकषही निघतो. इथेनॉलविरहित पेट्रोल ई१० पेक्षा साडेतीन टक्क्यांहून जास्त महाग असेल, तर निव्वळ अ‍ॅव्हरेजसाठी ते घेणं म्हणजे खिशाला भोक. ई२०शी तुलना असेल तर ही रेघ सात टक्क्यांवर सरकते. किमतीतला फरक सहसा याहून बराच मोठा असतो. कारसाठीचा निकाल इथेच लागला होता, पुढचे महिने फक्त खात्री करण्यात गेले.

एक घोळ मात्र निस्तरायला हवा. इथेनॉलविरहित म्हणजे ‘प्रीमियम’ नव्हे. ऑक्टेन आकडा म्हणजे नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन खडखडणं) टाळण्याची ताकद. शुद्ध इथेनॉलचा ऑक्टेन आकडा १०८-१०९ च्या घरात असतो, म्हणजे इथेनॉलनं ऑक्टेन वाढतो. बऱ्याच ठिकाणी रिफायनरी मूळ पेट्रोल मुद्दाम कमी ऑक्टेनचं ठेवते आणि इथेनॉल मिसळून पंपावरचा आकडा गाठते. दोन पेट्रोलांवर ऑक्टेनचा आकडा एकच असेल तर नॉकिंगच्या बाबतीत इथेनॉलविरहितला कसलाही वरचढपणा नाही. ‘पिकअप वाढला’ हे ऐकलं की आधी एअर फिल्टर कधी बदलला ते विचारावं.

इंजेक्शनची गाडी मिश्रणाशी कशी जुळवून घेते, हे स्कॅनर लावला की दिसतं. पेट्रोल पूर्ण जळायला एक भाग पेट्रोलामागे १४.७ भाग हवा लागते (वजनाने), इथेनॉलला फक्त ९. ई१० ला सुमारे १४.१, ई२० ला साडेतेराच्या आसपास. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो. इथेनॉलविरहितवरून ई१० वर आलं की लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूनं शिकून केलेली पेट्रोलची दुरुस्ती) तीन-चार टक्क्यांनी वर सरकतो, उलट गेलं की खाली. ही शिकवणी दोन-चार फेऱ्यांत पुरी होते. तेव्हा नवं पेट्रोल भरून पंपाबाहेर पडता पडता ‘गाडी मऊ चालायला लागली’ असं वाटलं, तर ते पावतीवरच्या आकड्यामुळे वाटलेलं असतं.

कार्ब्युरेटरला ही अक्कल नसते. जेटचं (पेट्रोल मापून सोडणाऱ्या पितळी तोटीचं) भोक ठरलेलं, मिश्रण कुठलंही असो. ई१० वर बाईक थोडी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालते: गार असताना चोक जास्त वेळ लागतो, थ्रॉटल किंचित उघडताना अडखळते, सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट. उपाय एका स्क्रू-ड्रायव्हरचा. इंजिन चांगलं गरम करून मिक्श्चर स्क्रू पाव फेरा फिरवायचा, पण कुठल्या दिशेनं ते आधी बघून. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घेतला की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच. इथे उलटं झालं की दोष पुन्हा इथेनॉलवर जातो. पाव-अर्ध्या फेऱ्यानं भागलं नाही, तर स्लो जेट (कमी वेगावर पेट्रोल देणारा) एक नंबर मोठा.

आता पाणी. हा विषय सुरू केला तेव्हा मतही सगळ्यांसारखंच होतं: इथेनॉल हवेतली ओल शोषतं, म्हणून टाकीत पाणी होतं. शोषतं हे खरं. पण किती, याचा हिशेब सहसा कुणी करत नाही. १२ लिटरची टाकी अर्धी रिकामी आहे, म्हणजे आत सहा लिटर हवा. ३० अंशांना पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे साधारण ३० ग्रॅम वाफ असते, म्हणजे सहा लिटरमध्ये जेमतेम ०.१८ ग्रॅम. खालचं सहा लिटर ई१० साधारण १५ अंशांना अर्धा टक्का पाणी मुकाट जिरवतं, म्हणजे ३० मिलीलीटर. रोज आतली सगळी हवा बदलली आणि तिच्यातला थेंब न् थेंब पेट्रोलात उतरला असं धरलं, तरी वेगळं पाणी दिसायला साडेपाच महिने हवेत. प्रत्यक्षात टाकी दिवसा-रात्रीच्या फरकानं आतल्या हवेचा लहानसा हिस्साच आत-बाहेर करते. मग बाईकच्या रिझर्व्हमधून निघालेलं बाटलीभर गढूळ पाणी आलं कुठून?

झाकणातून. इथपासून पुढे या लेखाचा तोल थोडा जाणार आहे, कारण टाकीचं झाकण ही बाईकवरची सगळ्यात दुर्लक्षित वस्तू आहे. टाकीत बसलेल्या सपाट झाकणाभोवती एक खळगा असतो. पाऊस पडला किंवा गाडी धुतली की पाणी त्यात साचतं. ते जाण्यासाठी खळग्यात एक बारीक भोक आणि त्याला टाकीतून खाली उतरणारी नळी असते. धूळ आणि पॉलिशचा चिकटा बसून ती तुंबते. पाणी झाकणाच्या रबरापर्यंत चढतं, रबर उन्हानं कडक झालेला असतो, गरम टाकी थंड होताना आत ओढ लागते आणि पाणी सरळ पेट्रोलात. एका जोरदार धुण्यात चमचे-दोन चमचे. हवेतल्या ओलीला जे महिनोन् महिने जमत नाही, ते प्रेशर पंपाची नळी दोन मिनिटांत करते.

तपासणी फुकटात होते. झाकण बंद ठेवून खळग्यात दोन चमचे पाणी घाला. काही सेकंदांत ते टाकीखालच्या नळीतून ठिबकलं पाहिजे. साचून राहिलं तर नळी तुंबलेली आहे. खालचं टोक मोकळं करून पायपंपानं खालून वर फुंकायचं, किंवा नायलॉनची जाड दोरी आत सरकवायची. तार घालू नये, नळी आतून भोसकली जाते. रबरासाठी टाकीच्या तोंडाच्या काठावर खडूची पूड चोळा, झाकण लावून पुन्हा उघडा आणि रबरावर उमटलेलं कडं बघा. कडं अखंड असेल तर ठीक, कुठे तुटलं असेल तर पाणी तिथूनच येतंय. सपाट वॉशर असेल तर उलटा करून बसवल्यावर काही महिने आणखी निघतात. एरवी बदलायचा, उगाच सिलंट फासायचं नाही, पेट्रोलच्या वाफेत ते सुटून जेटमध्ये जाऊन बसतं. आणि झाकणाचं हवेचं भोक हे वेगळं असतं. तेही त्याच भरात बुजवलं तर टाकीत निर्वात होऊन गाडी पेट्रोलच ओढत नाही.

हे कळल्यावर इथेनॉलबद्दलचं मत मध्यावरच फिरलं. तेच गळकं झाकण, तेच धुणं, पण टाकीत इथेनॉलविरहित पेट्रोल असेल तर? शुद्ध पेट्रोल पाणी जवळजवळ जिरवतच नाही. दोन चमचे पडले की दोन्ही चमचे टाकीच्या तळाशी गोळा होतात, पत्र्याला गंज आणतात आणि रिझर्व्हची वाट पाहत बसतात. मेन कॉकची नळी टाकीत उंच उभी असते, रिझर्व्हचं तोंड तळाशी, म्हणून मेनवर ठणठणीत आणि रिझर्व्हवर मेलेली. ई१० तेवढंच पाणी विरघळवून इंजिनात नेऊन जाळून टाकतं. रोज चालणाऱ्या गाडीत थोड्याशा ओलीसाठी मिश्रितच जास्त माफ करणारं आहे, हे आठ महिन्यांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

माफीला मर्यादा आहे, आणि ती ओलांडली की ई१० वाईट वागतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की एकटं पाणी खाली बसत नाही, ते इथेनॉललाही ओढून नेतं. खाली इथेनॉल-पाण्याचा थर, तो न जळणारा आणि धातू खाणारा. वर उरलेलं पेट्रोल दोन-तीन ऑक्टेननं हलकं, म्हणून नॉकिंग. थंडीत ही मर्यादा आणखी खाली येते, संध्याकाळी स्वच्छ दिसणारं पेट्रोल पहाटे दुधट होतं ते त्यामुळे. एकदा फाटलेलं पेट्रोल कुठल्याही बाटलीतल्या औषधानं पुन्हा जुळत नाही. टाकी उपसायची, दुसरा इलाज नाही.

काटकसरी लोकांचा लाडका उपाय इथेच अंगाशी येतो: अर्धी टाकी मिश्रित, अर्धी इथेनॉलविरहित. ओल धरलेल्या ई१० मध्ये तेवढंच शुद्ध पेट्रोल ओतलं की इथेनॉलचं प्रमाण निम्म्यावर येतं, पाणी धरून ठेवायची ताकद त्याहून जास्त घटते, आणि आतापर्यंत विरघळलेलं पाणी सुटं होतं. ‘चांगलं पेट्रोल घातल्यावर गाडी बिघडली’ या तक्रारीमागे असं पाणी असू शकतं.

विकत घेतलेलं खरंच इथेनॉलविरहित आहे का, हे घरी कळतं. १०० मिलीलीटरचा उभा मोजणीचा काचेचा नळा घ्या, त्यात १० मिली पाणी आणि एक थेंब खाण्याचा रंग, वर ९० मिली पेट्रोल. तोंड बंद करून हलवा, मधेमधे वाफ सोडा, दहा मिनिटं स्थिर ठेवा. रंग पाण्याच्या बाजूलाच राहतो, त्यामुळे रेघ स्पष्ट दिसते. रेघ १० वरच असेल तर इथेनॉल नाही, १९ च्या जवळ असेल तर ई१०, २८ च्या जवळ असेल तर ई२०. एक-दोन मिली इकडेतिकडे चालायचंच. मोकळ्या हवेत, आगीपासून लांब, आणि झाल्यावर गटारात ओतायचं नाही.

नळ्या आणि रबरांचं थोडक्यात. अलीकडच्या गाड्यांत ई१० साठीची रबरं असतातच, ई२० साठी मात्र मॅन्युअल उघडून बघावं. जुन्या गाडीत साधी नायट्राइल रबरची नळी फुगते, मऊ पडते, आतून सोलते. बदलताना नळीवरचा शिक्का वाचायचा: कार्ब्युरेटरला एसएई (वाहन अभियंत्यांची संस्था) मानकाची ३०आर७ चालते, पण ३०आर९ घेतली तर आतलं अस्तर फ्लुओरो-रबरचं मिळतं. जुन्या टाकीत पहिल्यांदाच मिश्रित भरलं तर इथेनॉल वर्षांचा चिकटा सोडवतं, तो सगळा फिल्टरमध्ये येतो. दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदलून मोकळं व्हावं.

कार्ब्युरेटर उघडलाच तर घाणीचा रंग बघा, निम्मं निदान त्यातच आहे. तपकिरी, लाखेसारखा थर म्हणजे पेट्रोल नुसतं शिळं झालंय, आणि तो दोन्ही पेट्रोलांत येतो. पांढरी पूड किंवा पितळी जेटवर हिरवट बुरा म्हणजे पाणी आलंय. मग झाकणाकडे जा. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं, त्यात सुई घालून मोठं केलं की गाडी कायमची पेट्रोल पिते. क्लीनरचा फवारा, दाबाची हवा आणि फार तर नायलॉनचा बारीक धागा.

इथेनॉलविरहितला जागा आहे, पण एकच: जे उभं राहणार आहे त्यात. कार्ब्युरेटरचा बाऊल (तळाची पेट्रोलची वाटी) हवेला उघडा आणि पेट्रोल त्यात इवलंसं, तिथे ओल आणि बाष्पीभवन दोन्ही पटकन काम करतात. दीड-दोन महिन्यांहून जास्त उभी राहणारी बाईक, गवत कापायचं यंत्र, जनरेटर यांना शेवटची टाकी इथेनॉलविरहित द्यावी. आधी तळातून पेलाभर पेट्रोल काढून पाणी नाही ना ते बघा. टाकी रिझर्व्हपर्यंत आणून भरा: दोन लिटर ई१० वर दहा लिटर शुद्ध घातलं की इथेनॉल पावणेदोन टक्क्यांखाली येतं. स्टॅबिलायझर (पेट्रोल शिळं होणं लांबवणारं औषध) घालायचा तर ताज्या पेट्रोलातच, शिळ्यात घालून काही परत येत नाही. मग दहा-बारा किलोमीटर चालवा, म्हणजे नळी आणि बाऊलमध्येही नवं पेट्रोल पोचेल. कॉक बंद करून बाऊलचा ड्रेन स्क्रू सोडा आणि बाऊल रिकामा करा. रिकाम्या बाऊलची ओ-रिंग सुकून आकसते, तेव्हा परत पेट्रोल सोडताना पहिली पाच मिनिटं खाली गळतंय का ते बघत उभं राहायचं.

कारमध्ये पुन्हा मिश्रित सुरू केलंय आणि तेच राहील. बाईकच्या झाकणाला नवा वॉशर बसवला, नळी फुंकली, त्यानंतर ई१० वर रिझर्व्हचा कॉक तीनदा फिरवून झाला, तिन्ही वेळा टाकी कोरडी होईस्तोवर चालली.