परदेशी शिकायला जाण्याआधी जपान: मे की जुलै, टूर की स्वतःहून?

सप्टेंबरमध्ये मुलगा किंवा मुलगी शिकायला बाहेर जाणार, त्याआधी चौघांनी जपान पाहून यायचं असा बेत ठरतो तेव्हा घरात पहिली चर्चा साकुराची, म्हणजे चेरीच्या बहराची होते. साकुरा मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उरकतो, त्यामुळे बहुतेकांसाठी तो प्रश्न आपोआप निकाली निघतो. खरा प्रश्न पासपोर्टचा आहे, कारण शिक्षणाच्या व्हिसासाठी तो जमा करावा लागतो. विद्यार्थ्याचा पासपोर्ट कोणत्या आठवड्यांत घरी असेल, त्यावर महिना ठरतो आणि बाकीचं सगळं महिन्यावर.

देशागणिक पासपोर्टचं गणित

अमेरिकेच्या बाबतीत मुलाखत होईपर्यंत पासपोर्ट तुमच्याकडेच असतो, मुलाखतीनंतर तो शिक्क्यासाठी ठेवून घेतात. अडचण वेगळीच: मुलाखतीची तारीख आपल्या हातात नसते. आधीची तारीख मिळाली आणि तुम्ही ओसाकात असाल, तर ती सोडावी लागते. कॅनडात बायोमेट्रिक्स दिल्यावर पासपोर्ट परत येतो आणि निर्णय झाल्यावर मागवतात, म्हणजे मधल्या काळात फिरता येतं. जर्मनीच्या अर्जात पासपोर्ट बहुधा निर्णय होईपर्यंत अडकतो, तेव्हा जपान त्याच्या आधी तरी करा किंवा नंतर तरी.

ब्रिटनला जाणाऱ्यांनी पासपोर्टाइतकंच बँक खात्याकडे बघावं. निर्वाहाची ठरावीक रक्कम खात्यात सलग 28 दिवस असावी लागते, एक दिवसही त्याखाली गेलेली चालत नाही. त्या 28 दिवसांत जपानच्या हॉटेलचे पैसे त्याच खात्यातून गेले आणि शिल्लक घसरली, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सहलीचं खातं वेगळं ठेवा, एवढाच उपाय.

मे की जुलै

29 एप्रिल ते 5 मे हा जपानचा गोल्डन वीक. सगळा देश प्रवासाला निघतो, हॉटेलं महागतात, शिंकान्सेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या जागा संपतात. तो टाळून 8 मे ते जूनचा पहिला आठवडा धरला, तर तोक्यो-क्योतोसाठी याहून चांगला काळ उन्हाळ्यात सापडणार नाही. हवा सुखद असते आणि पावसाळा, म्हणजे त्सुयु, साधारण 6-7 जूनला सुरू होतो. बारावीवाल्यांना हा काळ सहज जमतो. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांना मात्र विद्यापीठाच्या परीक्षा मे-जूनमध्येच येतात आणि वेळापत्रक सरकतं. त्यांनी तिकीट काढण्याआधी परीक्षेचं पत्रक बघावं, तोंडी परीक्षांसकट.

जुलैत बहुतेकांचा व्हिसा हातात आलेला असतो, डोकं शांत असतं, हा मोठा फायदा. पण क्योतोत पारा अनेकदा 35 च्या वर आणि दमट हवा. आजी-आजोबा बरोबर असतील तर दुपारी 12 ते 4 खोलीतच जाणार. फुजी पर्वत बऱ्याचदा ढगात. 19-20 जुलैपर्यंत पाऊसही रेंगाळतो.

म्हणून जुलैच जमत असेल तर आमचा कौल उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाला. त्सुयु तिथे जवळपास पोहोचतच नाही आणि फुरानोतली लॅव्हेंडरची शेतं जुलैच्या मध्यात ऐन बहरात असतात. तोक्योच्या हानेदा विमानतळाहून होक्काइदोतल्या साप्पोरोचं विमान दीड तासाचं. तिथे अंतरं मोठी, गाड्या कमी, त्यामुळे कार भाड्याने घेणं सोयीचं. गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालते आणि भारतीय आंतरराष्ट्रीय परवाना चालतो. तो नाशिकच्या पेठ रोडवरच्या आरटीओतून आधीच काढून ठेवा, जपानमध्ये गेल्यावर निघत नाही. ऑगस्टमध्ये 13 ते 16 च्या सुमारास ओबोन या पूर्वजांच्या सणाची गर्दी आणि पुढे वादळं. ऑगस्ट नकोच.

ग्रुप टूर की स्वतःहून

जेवणाची धास्ती असलेल्या घरांना टूर बरी वाटते आणि त्यात तथ्य आहे. जपानी स्वयंपाकात दाशी नावाचं सार सगळीकडे असतं आणि ते वाळवलेल्या माशापासून बनतं. मिसो सूप, उदोन नूडल्स, सोबा नूडल्सबरोबरची चटणी, कधी साधं ऑम्लेटसुद्धा. वरून भाज्याच दिसतात, म्हणून फसायला होतं. टूरमध्ये रात्री भारतीय जेवण मिळतं, तो प्रश्न मिटतो.

पण विद्यार्थी असलेल्या घरासाठी टूरची खरी अडचण तारखेची. जाण्याची वेळ जवळ येईल तसे रद्द करण्याचे पैसे वाढतात आणि व्हिसाची मुलाखत नेमकी त्याच आठवड्यात लागू शकते. शिवाय पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा कर, कापला जातो. प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण ऐन फीच्या दिवसांत पैसे अडकतात. स्वतः केलं तर विनाशुल्क रद्द होणारी हॉटेलं घेता येतात. त्यामुळे व्हिसा हातात असेल तर टूर खुशाल घ्या, नसेल तर स्वतःहून.

स्वतः जाणाऱ्यांची सगळ्यात महाग चूक म्हणजे सवयीने घेतलेला जेआर पास, म्हणजे जपानी रेल्वेचा पर्यटक पास. ऑक्टोबर 2023 पासून सात दिवसांचा पास 50,000 येनचा झाला. तोक्यो-क्योतो एका बाजूचं तिकीट साधारण 14,000 येन. हिरोशिमा जोडून परत तोक्योला आलात तरी बेरीज 45,000 च्या आसपास थांबते. त्याहून चांगला मार्ग म्हणजे तोक्योत उतरायचं आणि ओसाकाहून परतायचं. परतीचे 14,000 वाचतात, चौघांचे 56,000. सिंगापूर किंवा बँकॉकमार्गे जाणाऱ्या कंपन्यांची अशी तिकिटं मिळतात.

लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटीमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर तोक्यो-ओसाका शिंकान्सेनमध्ये त्यासाठी खास जागा राखून ठेवावी लागते. शिक्षणासाठी घेतलेली भलीमोठी बॅग या सहलीत वापरू नका.

नाशिकहून निघताना

जपानच्या पर्यटन व्हिसाला पालकांची तीन वर्षांची विवरणपत्रं आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट लागतं. व्हिसा इलेक्ट्रॉनिक मिळाला असेल तर विमानतळावर तो मोबाइलवर इंटरनेट चालू ठेवून दाखवावा लागतो. छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट चालत नाही.

समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा 2025 च्या जूनमध्ये खुला झाल्याने कसारा घाट टळतो, पण आमण्यापुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी आहेच. जुलैत मुंबईहून विमान असेल तर त्याच्या वेळेआधी नऊ तास घर सोडा. नाशिकच्या ओझर विमानतळाहून दिल्ली आणि पुढे तोक्यो असं करायचं असेल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. वेगळ्या तिकिटांत पहिलं विमान उशिरा आलं तर पुढचं तिकीट वाया.

खाऊ भरताना थेपले, लाडू, मेतकूट चालेल. कच्चे तांदूळ, डाळी, ताजी फळं आणि कढीपत्ता घरीच ठेवा, त्यांना रोपांच्या आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्याही नेऊ नका. नेहमीची औषधं महिनाभर पुरतील इतकीच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.