‘आईच्या वडिलांचे केस कसे होते?’

हा प्रश्न एखाद्या हेअर सेंटरच्या काचेच्या केबिनमध्ये तुम्हाला कोणी विचारला, तर उत्तर द्यायच्या आधी उठा. मी उत्तर दिलं आणि ते मला 93,500 रुपयांना पडलं.

सप्टेंबर 2022 मध्ये मला डेंग्यू झाला. आठवडाभर ॲडमिट, मग महिनाभर जिना चढताना धाप. त्यातून सावरलो, चाकणला कंपनीत परत रुजू झालो आणि डिसेंबरात केस गळायला लागले. आंघोळ झाली की मोरीच्या जाळीवर उंदराएवढा गोळा. उशीवर केस, डब्यात केस, सेफ्टी हेल्मेटच्या आतल्या पट्टीला केस. शॉप फ्लोअरवरच्या प्रत्येकाचं निदान एकच, "हेल्मेटनंच जातायत." आईनं कढीपत्ता उकळलेलं खोबरेल पाठवलं. कांद्याचा रसही लावून झाला, पण रूममेटनं खोली सोडायची धमकी दिल्यावर तो बंद केला. वय 28, घरात स्थळं बघणं चालू. कपाळाचे दोन्ही कोपरे पंचविशीपासूनच वर सरकत होते, पण तिकडे मी बघायचंच टाळलं होतं. बाबांचं डोकं तर माझ्या मुंजीच्या फोटोतही चकाकतंय.

सेंटर पुण्यात, मोठ्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर. तपासणी मोफत. आत एक मुलगी, गळ्यात ओळखपत्र, त्यावर ‘सिनियर काउन्सेलर’. तिनं पेनासारखा कॅमेरा टाळूवर टेकवला आणि समोरच्या स्क्रीनवर माझं डोकं दिसलं: तेलकट जमीन आणि त्यातून आलेले चारदोन वाळके बांबू. तेवढ्या मोठ्या आकारात कुणाचंही डोकं असंच दिसतं, हे तेव्हा कळायला हवं होतं. मग तो प्रश्न आला.

"सर, आईच्या वडिलांचे केस कसे होते?"

आमचे आजोबा चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेले, तेव्हाही डोक्यावर पांढरंशुभ्र जंगल होतं. तसं सांगितल्यावर ती इतकी खूश झाली की मलाही बरं वाटलं. "मग टेन्शनच नाही सर! टक्कल आईकडून येतं. तुमचं हेरिडेटरी नाहीच, म्हणजे हे शंभर टक्के रिव्हर्स होणार." मी म्हटलं, बाबांना पूर्ण टक्कल आहे. "बाबांचं काउंट होत नाही सर."

बाबांचं काउंट होत नाही! या वाक्यावर मी विश्वास ठेवला, कारण मला ते ऐकायचंच होतं.

मग पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ येऊन मान हलवून गेले. दारावर ‘ट्रायकॉलॉजिस्ट’, म्हणजे केसांचे तज्ज्ञ, अशी पाटी. ही डॉक्टरकीची पदवी नव्हे, हे मला माहीत नव्हतं. एमबीबीएस डॉक्टर खरा की नाही, हे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीवरून घरबसल्या बघता येतं, हेही नंतर कळलं. पॅकेज 48,000 चं, वर्षभराचं. एवढे पैसे नाहीत म्हटल्यावर टॅब पुढे आला, आधार नंबर टाकला, ओटीपी सांगितला आणि दहा मिनिटांत महिना 4,000 चा हप्ता बांधला गेला. ‘नो कॉस्ट’. निघताना हातात कापडी पिशवी: शाम्पू, गोळ्या आणि ‘हर्बल रूट सीरम’ची बाटली. बिलात एका बाटलीचे 2,800 लावलेले.

आणि काय सांगू, गुण आला! मार्चअखेरीस गळती जवळजवळ थांबली. जाळीवर मोजून पंधरा-वीस केस. मी कंपनीतल्या दोघांना त्या सेंटरचा नंबर दिला, याची लाज आजही वाटते. सेंटरवाल्यांनी दोन फोटो शेजारी शेजारी लावून दाखवले. पहिल्यात डोकं विरळ, दुसऱ्यात भरलेलं. पहिल्या फोटोत माझी कॉलर ओली आहे, म्हणजे तो केस धुतल्याबरोबर, वरून फ्लॅश मारून काढलेला, आणि दुसरा ड्रायर फिरवून, हनुवटी उचलून काढलेला. हे मला वर्षभरानं दिसलं.

तोपर्यंत कपाळाचे कोपरे मात्र निवांत वर चालले होते. तक्रार केली तर म्हणाले, "सर, आपण जीन टेस्ट करून घेऊ." गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, 9,500 रुपये. अकरा पानी रंगीत रिपोर्ट आला: आनुवंशिक प्रवृत्ती ‘मध्यम’. सातव्या पानावर बाळंतपणानंतरच्या केसगळतीसाठी मला सल्ला होता. मी हसलो आणि तरीही 36,000 चं दुसरं पॅकेज घेतलं, कारण आता ते ‘जीन लेव्हल’वर काम करणार होते. माणूस एकदा पैसे घालून बसला की आपण मूर्ख ठरू नये म्हणून आणखी घालतो, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

डोळे उघडले ते दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे रूममेट. मी नंबर दिलेल्या दोघांतला तो एक. त्यालाही तोच प्रश्न विचारला होता. त्याच्या आईच्या वडिलांना टक्कल. त्याला सांगितलं, "सर, मग हे हेरिडेटरी आहे, उशीर केला तर हातातून जाईल, आजच सुरू करा." पॅकेज तेच, 48,000. आम्ही दोघं जेवताना हे बोललो आणि आमटीत चमचा तसाच राहिला. आजोबांच्या डोक्यावर काहीही असलं तरी वाट त्याच केबिनकडे जात होती.

दुसरी गोष्ट बाटली. गरम पाण्याच्या वाफेनं सीरमचं हिरवं लेबल एका कोपऱ्यात सुटलं. नखानं ओढलं, तर खाली दुसरं लेबल: मिनॉक्सिडिल 5 टक्के, छापील किंमत 640 रुपये. कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं औषध, आणि म्हणे हर्बल.

दिवाळीत कराडला गेलो तेव्हा बाटली आणि रिपोर्ट घेऊन आमच्या जुन्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट उलटापालटा करून बाजूला ठेवला आणि विचारलं, "बाबांचं कसंय रे?" मी म्हटलं, पूर्ण टक्कल. "मग अकरा पानं कशाला छापली?"

तुझ्या डोक्यावर दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या, ते म्हणाले. मोठ्या तापानंतर पुष्कळसे केस एकदम वाढ थांबवून विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, कशानंतरही. मुळं शाबूत असतात, त्यामुळे काही महिन्यांत गळती आपोआप थांबते. म्हणजे डिसेंबरातला गोळा मार्चमध्ये नाहीसा होणारच होता. सेंटरनं फक्त त्याची पावती फाडली. कोपरे ही दुसरी गोष्ट, आणि ती घराण्याची.

आता ‘टक्कल आईकडून येतं’ याबद्दल. हे साफ खोटं असतं तर मी फसलो नसतो, ते अर्धं खरं आहे. पुरुषी हार्मोनला प्रतिसाद देणारं एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. पण आईकडे दोन एक्स असतात, एक तिच्या वडिलांचा, एक तिच्या आईचा. मुलाला देताना त्यांची सरमिसळ होते. म्हणजे त्या ठिकाणचा तुकडा आजोबांचा आला की आजीचा, ही नाणेफेक. आजीला टक्कल नव्हतं म्हणून तिच्याकडून काही आलं नाही, असंही नाही. माझा धाकटा भाऊ त्याच आईचा, त्याच आजोबांचा नातू, आणि त्याचे केस मानेवर रुळतात.

बरं, जनुक काही तेवढं एकच नाही. 2008 मध्ये विसाव्या गुणसूत्रावर मोठा दुवा सापडला, आणि ते गुणसूत्र आई-वडील दोघांकडून येतं. 2017 मध्ये ब्रिटनमधल्या 52,000 हून अधिक पुरुषांच्या तपासणीत टकलाशी संबंधित 287 जागा मिळाल्या, त्यांतल्या बहुतेक एक्सवर नाहीत. जुळ्या भावांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 80 टक्के निघतो. तेव्हा बाबांचं काउंट होतं. चांगलंच होतं. मात्र नुसतं घराणं पुरत नाही, हार्मोनही लागतं. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकानं 1942 मध्ये दाखवलं की वयात येण्याआधी वृषणं काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, घराण्यात असलं तरी. टेस्टोस्टेरॉन दिल्यावर मात्र ज्यांच्या घराण्यात होतं त्यांचे केस जाऊ लागले. तेल, हेल्मेट, बोअरचं पाणी यांच्यावर आपण उगाच आळ घेतो.

उपाय नाहीतच असं नाही. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध. त्यानं अंगावर केस वाढतात असं दिसल्यावर ते टाळूला लावायचं झालं, अमेरिकेत 1988 मध्ये मान्यता मिळाली. फिनास्टेराइडच्या गोळीला केसांसाठी 1997 मध्ये. दोन्ही चालू असेपर्यंतच काम करतात, आणि गोळीचे दुष्परिणाम डॉक्टरांशी समोरासमोर बोलून घ्यायचे असतात. गेलेलं सगळं परत आणतो असं मात्र म्हणता येत नाही. आपल्याकडच्या 1945 च्या औषध नियमांत ‘शेड्यूल जे’ नावाची यादी आहे. त्यातले आजार बरे करतो असा दावा औषधाबद्दल करायला मनाई आहे, आणि त्या यादीत टक्कल आहे. सेंटरच्या भिंतीवर ‘100 टक्के’ फूटभर अक्षरांत होतं.

पैशांचं सांगतो, कारण खरा फास तिथे होता. मी हप्ता थांबवायला गेलो तेव्हा कळलं की तो हप्ता नव्हताच, माझ्या नावावरचं कर्ज होतं. फायनान्स कंपनीनं सगळी रक्कम पहिल्याच आठवड्यात सेंटरला दिलेली. सेंटर उद्या बंद पडलं तरी माझी फेड चालूच, आणि चुकवली तर सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज देताना बँका बघतात ती पत, माझा बिघडणार. अशा डिजिटल कर्जातून सुरुवातीच्या थोड्या दिवसांत दंडाशिवाय बाहेर पडता येतं, तेही कागदात लिहिलेलं असतं. मी तो पीडीएफ अकरा महिन्यांनी उघडला.

पावतीमागे ‘नॉन रिफंडेबल’ छापलेलं असतं, त्याला बिचकू नका. मी बाटलीच्या दोन्ही लेबलांचे फोटो काढले, मोबाइलवरचं सगळं बोलणं जपून ठेवलं, सेंटरला लेखी तक्रार रजिस्टर पोस्टानं पाठवली आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. आधी उत्तर आलं, "सर, तुमच्यासाठी चार सेशन फ्री." दोन महिन्यांनी दुसऱ्या पॅकेजमधल्या न वापरलेल्या सेशनचे 19,000 परत मिळाले. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. रूममेट आला नाही. त्याचं लग्न ठरलं होतं, त्याला केसांचं प्रकरण चारचौघांत नको होतं. अशीच माणसं या धंद्याला हवी असतात.

बाबांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मला विचारलं असतंस तर फुकटात सांगितलं असतं."

गेल्या महिन्यात त्याच सेंटरमधून फोन आला, आवाज नवीन होता. "सर, घरात अजून कोणाला हेअरचा प्रॉब्लेम आहे का?"

म्हटलं, वडिलांना. वय चौसष्ट.

"होऊन जाईल सर. फक्त एक सांगा, त्यांच्या आईच्या वडिलांचे केस कसे होते?"