चार डेटाबेस, एक मशीन: मेमरी सामाईक ठेवावी की वाटून द्यावी?

चार सर्व्हरवरचे डेटाबेस एकाच मशीनवर आणायचे असतात तेव्हा, जुन्या सर्व्हरवर ६४, ३२, ३२ आणि १६ जीबी मेमरी होती, म्हणून नव्या मशीनला १४४ जीबी लागेल, असा हिशोब सर्रास केला जातो. तो चुकतो, कारण डेटाबेसला लागणारी मेमरी दोन जातींची असते. कॅशला (डिस्कवरच्या डेटाची मेमरीत ठेवलेली प्रत) मेमरी कमी मिळाली तर क्वेरी डिस्कवर जाते आणि वेळ लागतो, एवढंच. कनेक्शन, सॉर्ट, हॅश आणि व्हॅक्यूम (टेबलातल्या निकामी ओळींची साफसफाई) यांची खासगी मेमरी मात्र मागितली त्या क्षणी मिळावी लागते. मशीनवर ती शिल्लक नसेल तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एखादी प्रोसेस मारून टाकतो. म्हणून आधी खासगी मेमरी मोजायची आणि उरेल ती कॅशला द्यायची. चारही डेटाबेससाठी एकच इन्स्टन्स (डेटाबेस सर्व्हरची एक चालू प्रत), चार वेगळ्या इन्स्टन्स की चार व्हर्च्युअल मशीन, यांपैकी कोणती रचना निवडायची हेही यावरच ठरतं.

इथे लिनक्सवरचं पोस्टग्रेस धरलं आहे. बाकीच्या डेटाबेसचे फरक शेवटी दिले आहेत.

मोजमाप कसं घ्यायचं

चारही सर्व्हरवर दर पाच मिनिटांनी सक्रिय सेशनची संख्या आणि प्रोसेसनिहाय पीएसएस (सामाईक मेमरीतला फक्त आपला वाटा धरून मोजलेली मेमरी) नोंदवा. आरएसएस नको: त्यात शेअर्ड मेमरी प्रत्येक प्रोसेसच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजली जाते आणि आकडा अवाच्या सवा फुगतो. निदान एक महिनाअखेर या नोंदीत यायलाच हवी. मग प्रत्येकाचा कमाल आकडा उचलून बेरीज करू नका. एकाच वेळेच्या नोंदींची बेरीज करा आणि त्या बेरजांमधली सर्वांत मोठी घ्या. रात्री चालणारे रिपोर्ट आणि दिवसाचे व्यवहार एकमेकांच्या आड येत नसतील तर एकत्रीकरणात खरी बचत इथेच होते.

समजा १२८ जीबीचं मशीन आहे, एकूण ५५० कनेक्शन आहेत आणि प्रत्येकी सुमारे १० एमबी लागते. एकाच वेळी जास्तीत जास्त ६० सेशन सक्रिय असतात; चारही डेटाबेसचे आपापले कमाल आकडे मिळवले तर ११० होतात. वर्क मेम (एका सॉर्ट किंवा हॅश क्रियेची मेमरी मर्यादा) ६४ एमबी, दर क्वेरीत अशा दोन क्रिया आणि मेंटेनन्स वर्क मेम (व्हॅक्यूमसारख्या देखभालीच्या कामाची मर्यादा) १ जीबी.

| जीबीमध्ये | एक इन्स्टन्स | चार इन्स्टन्स | चार व्हर्च्युअल मशीन |
|---|---|---|---|
| ऑपरेटिंग सिस्टिम, एजंट | ४ | ४ | १० |
| शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसची स्वतःची कॅश) | ३२ | १६+८+४+४ | १६+८+४+४ |
| कनेक्शन | ५.५ | ५.५ | ५.५ |
| सॉर्ट आणि हॅश | ७.५ | ७.५ | १३.७५ |
| ऑटोव्हॅक्यूम | ३ | १२ | १२ |
| पेज कॅशसाठी (ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल कॅश) उरलेली | ७६ | ६७ | सुमारे ५५, तीही चार तुकड्यांत |

ऑटोव्हॅक्यूमची ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक इन्स्टन्सला तीन वर्कर असतात, आणि प्रत्येक वर्कर मेंटेनन्स वर्क मेमएवढी मेमरी मागू शकतो. चार इन्स्टन्स म्हणजे बारा वर्कर. ऑटोव्हॅक्यूम वर्क मेम वेगळं ठरवून २५६ एमबीवर आणलं की १२ चे ३ जीबी होतात.

एकच इन्स्टन्स

मेमरीचा सर्वांत चांगला उपयोग इथे होतो. ज्या डेटाबेसवर काम चालू आहे त्याला सगळी कॅश मिळते. मात्र शेअर्ड बफर्सची डेटाबेसनिहाय वाटणी करता येत नाही. मोठ्या टेबलाचं सलग वाचन छोट्या रिंगमधून (पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या मोजक्या बफरमधून) होतं, त्यामुळे त्याने बफर धुऊन निघत नाहीत. इंडेक्सवरून लाखो ओळी उचलणारा रिपोर्ट मात्र शेजाऱ्याची पानं बाहेर ढकलतो. वर्क मेम डेटाबेसनिहाय किंवा युजरनिहाय ठरवता येतं. ते जरूर करा: व्यवहारांना १६ एमबी, रिपोर्टच्या युजरला १२८.

खरा धोका वेगळाच आहे. कर्नलने एक बॅकएंड (एका कनेक्शनची प्रोसेस) मारला की पोस्टग्रेस सगळी सेशन तोडून रिकव्हरीत जातं, म्हणजे एकाच्या चुकीने चारही डेटाबेस बंद. त्यावर उपाय म्हणून व्हीएम ओव्हरकमिट मेमरी (मर्यादेपलीकडे मेमरी देऊ करायची की नाही हे ठरवणारं कर्नलचं सेटिंग) २ वर ठेवा. मग मेमरी संपली तर फक्त त्या क्वेरीला एरर येते. पण ओव्हरकमिट रेशो (ती मर्यादा मेमरीच्या किती टक्के) मूळच्या ५० वर सोडू नका. शेअर्ड बफर्ससाठी ह्यूज पेजेसमध्ये (मेमरीची मोठी, राखीव पानं) ठेवलेले ३२ जीबी या हिशोबातून आधीच वजा होतात, म्हणून ९६ च्या निम्मे, म्हणजे ४८ जीबी अधिक स्वॅप (मेमरीच्या जोडीला डिस्कवर ठेवलेली जागा), एवढ्यावरच सगळं अडतं. ८५ ठेवलं तर सुमारे ८१ जीबी मिळतात.

आणखी एक अडचण मेमरीपलीकडची आहे, पण निर्णय तीच फिरवू शकते: वॉल (डब्ल्यूएएल, बदलांची नोंदवही) सामाईक असल्यामुळे एकटा डेटाबेस कालच्या ठरावीक वेळेवर नेता येत नाही, आधी सगळा क्लस्टर (इन्स्टन्समधले सगळे डेटाबेस) दुसरीकडे रिस्टोअर करून त्यातून तो काढावा लागतो.

ह्यूज पेजेसशिवाय ही तुलनाच उलटते

साध्या ४ केबी पानांत ३२ जीबी शेअर्ड मेमरीची ८३,८८,६०८ पानं होतात. दर पानाला ८ बाइट, म्हणजे सगळी मेमरी हाताळलेल्या एका प्रोसेसचं पेज टेबलच (कोणतं पान मेमरीत कुठे आहे याची यादी) ६४ एमबीचं. दीर्घकाळ जिवंत राहणारी ५५० कनेक्शन हळूहळू तिथवर पोचली तर निव्वळ पेज टेबलात ३४ जीबी जातात. चार इन्स्टन्समध्ये प्रत्येक प्रोसेस आपल्याच वाट्याची मेमरी पाहते. मोठ्या इन्स्टन्सवर ३०० कनेक्शन, दुसरीवर १०० आणि उरलेल्या दोन्हींवर मिळून १५० असतील तर हाच खर्च १२ जीबी येतो. २ एमबीच्या ह्यूज पेजेसवर पहिल्या रचनेचा आकडा ७० एमबीच्या आसपास उतरतो. किती पानं राखायची ते पोस्टग्रेस १५ पासून सर्व्हर स्वतःच सांगतो. शेअर्ड बफर्सच्या १६,३८४ पानांहून थोडी जास्तच लागतात.

चार स्वतंत्र इन्स्टन्स

आवृत्ती, रिकव्हरी आणि रीस्टार्ट वेगळे हवे असतील तर हा मधला मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. पेज कॅश सामाईकच राहते, आणि एक इन्स्टन्स कोसळली तरी बाकीच्या चालू राहतात. सिस्टिमडीमधून (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) प्रत्येकीला मेमरी मॅक्स, म्हणजे कमाल मर्यादा, घालता येते. त्या मर्यादेत पेज कॅशही मोजली जाते, ह्यूज पेजेस सहसा मोजली जात नाहीत, हे धरूनच आकडा ठरवा.

इथली नेहमीची चूक ह्यूज पेजेसचीच. चारही इन्स्टन्स एकाच राखीव साठ्यातून पानं घेतात. साठा थोडा जरी अपुरा पडला तरी शेवटी सुरू होणारी इन्स्टन्स, मूळचं ट्राय सेटिंग असल्यामुळे, गुपचूप साधी मेमरी घेते. उरलेली राखीव पानं तशीच पडून राहतात आणि पेज कॅशलाही वापरता येत नाहीत. ट्रायऐवजी ‘ऑन’ ठेवा, म्हणजे कमतरता इन्स्टन्स सुरू होतानाच कळेल.

व्हर्च्युअल मशीन

डेटाबेस वेगवेगळ्या टीमच्या ताब्यात असतील, ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी लागत असेल किंवा सुरक्षेसाठी भिंत हवीच असेल तरच. प्रत्येकाला स्वतःच्या कमाल गरजेएवढी मेमरी कायमची द्यावी लागते, त्यामुळे वेळेच्या फरकातून होणारी बचत इथे मिळत नाही. बलूनिंगने (चालू व्हर्च्युअल मशीनकडून मेमरी परत काढून घेणं) ती परत मिळवण्याच्या फंदात पडू नका. डेटाबेसखालून पानं काढून घेतली की आधी पेज कॅश जाते आणि मग गेस्ट, म्हणजे ते व्हर्च्युअल मशीन, स्वॅप करू लागतो. पूर्ण मेमरी रिझर्व्ह करा.

इतर डेटाबेस

मायएसक्यूएलमध्ये ओ-डायरेक्ट (पेज कॅश टाळून थेट डिस्कवर जाणं) वापरत असाल तर इनोडीबी (मायएसक्यूएलचं स्टोरेज इंजिन) डेटासाठी पेज कॅश कामाला येत नाही. ती मेमरी बफर पूललाच द्या. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मॅक्स सर्व्हर मेमरी मुळात जवळपास अमर्याद असते, म्हणून प्रत्येक इन्स्टन्सवर ती बसवल्याशिवाय दुसरी इन्स्टन्स सुरूच करू नका. ओरॅकलमध्ये मेमरी टार्गेट आणि ह्यूज पेजेस एकत्र चालत नाहीत, तेव्हा एसजीए (ओरॅकलची सामाईक मेमरी) टार्गेट वापरा. पीजीए (प्रोसेसची खासगी मेमरी) ॲग्रिगेट टार्गेट हे फक्त लक्ष्य आहे, ते ओलांडलं जातं. सक्तीची मर्यादा १२सी पासून आलेल्या पीजीए ॲग्रिगेट लिमिटची. मल्टिटेनंट रचनेत (एकाच इन्स्टन्समध्ये अनेक डेटाबेस) १२.२ पासून प्रत्येक पीडीबीला (त्यातला एकेक डेटाबेस) एसजीएचा किमान वाटा राखता येतो. पोस्टग्रेसच्या एका इन्स्टन्समध्ये जी वाटणी होत नाही, ती इथे होते.