युनायटेड वर्ल्ड कॉलेजची दोन वर्षं: वर्गापेक्षा खोली पारखून घ्या

युनायटेड वर्ल्ड कॉलेज या जगभर पसरलेल्या निवासी कॉलेजांबद्दल कुणीही बोलू लागलं की पहिला उल्लेख होतो झेंड्यांचा. इतक्या देशांची मुलं, इतक्या भाषा. दहावीनंतर मुलाला किंवा मुलीला तिथे पाठवायचं मनात असेल, तर तो आकडा थोडा बाजूला ठेवा. तिथला अभ्यासक्रम म्हणजे आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) हा दोन वर्षांचा डिप्लोमा, आणि तो जगभरच्या हजारो शाळांत मिळतो. या कॉलेजांचं खरं वेगळेपण आहे ते निवासात. सोळा-सतरा वर्षांची, एकमेकांची भाषा न येणारी मुलं दोन वर्षं एका खोलीत राहतात. ते नीट जमलं तर अनुभव अमूल्य ठरतो. नाही जमलं तर उत्तम शिक्षकही तो वाचवू शकत नाहीत.

मूळ कल्पनाच एकत्र राहण्याची होती. शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान १९५५ मध्ये पॅरिसच्या नाटो डिफेन्स कॉलेजात व्याख्यानासाठी गेले. दहा वर्षांपूर्वी एकमेकांशी लढलेल्या देशांचे अधिकारी तिथे एकत्र काम करताना त्यांना दिसले. हेच शाळकरी वयात का होऊ नये, या विचारातून १९६२ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर, सेंट डोनाट्सच्या किल्ल्यात अटलांटिक कॉलेज सुरू झालं. तिथली मुलं समुद्रात बचावकार्यही करत. आज जगभरच्या बचाव पथकांकडे असणारी कडक तळाची, हवा भरलेल्या कडांची बोट त्याच कॉलेजच्या कार्यशाळेत विकसित झाली. आता अशी १८ कॉलेजं आणि शाळा आहेत: नॉर्वेतल्या फ्लेक्केपासून कोस्टा रिकापर्यंत आणि एस्वातिनीपासून हाँगकाँगपर्यंत. भारतातलं महिंद्रा कॉलेज १९९७ मध्ये मुळशीच्या खोऱ्यात उभं राहिलं. वास्तुरचना ख्रिस्तोफर बेनिंजर यांची, आणि तिथल्या वसतिगृहांना वाडा हेच नाव आहे.

प्रवेशाचा मुख्य मार्ग आपल्या देशाच्या राष्ट्रीय समितीतून जातो. दीडशेहून अधिक देशांत अशा समित्या आहेत. निवड झाल्यावर कोणतं कॉलेज मिळेल हे पसंतीक्रमासोबत उपलब्ध जागांवरही ठरतं, त्यामुळे एकाच कॉलेजवर मन बांधून अर्ज करू नये. शिष्यवृत्ती घरच्या आर्थिक गरजेनुसार ठरते, आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो. ‘पूर्ण शिष्यवृत्ती’ हे शब्द वाचून घरचे निर्धास्त होतात. पुढे विमानभाडं, व्हिसा, आरोग्य विमा, थंडीचे कपडे, खिशाला लागणारे पैसे आणि सुट्टीतला मुक्काम असे सहा खर्च समोर येतात. यातला कोणता खर्च कॉलेज उचलणार आणि कोणता आपला, हे एकेक बाब मांडून लेखी विचारावं. मेलवर आलेलं उत्तर जपून ठेवावं.

आता खोली. बहुतेक कॉलेजांत एका खोलीत दोन ते चार-पाच जण असतात आणि शक्यतो सगळे वेगवेगळ्या देशांचे. धर्म, राजकारण, खाणंपिणं यांवरून भांडणं होतील अशी पालकांना धास्ती असते. प्रत्यक्षात रूममेटचं बिनसतं ते दिवा, गजर, खिडकी आणि फोन यांवरून. एकाला रात्री दोनपर्यंत जागून अभ्यास करायचा असतो, दुसऱ्याला पहाटे प्रार्थनेला उठायचं असतं. एकाला खिडकी उघडी लागते, दुसऱ्याला १८ अंशांतही हुडहुडी भरते. कुणी पाच गजर लावतो आणि पाचही झोपेतच बंद करतो. यातली एकही गोष्ट मोठी नाही, पण झोप मोडलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात ती मोठी करतो. वर तक्रार थेट करायची की आडून सुचवायची, याची रीत प्रत्येक घरची वेगळी. आडून सुचवणाऱ्याला वाटतं आपण चार वेळा सांगून झालं, आणि समोरच्याला त्यातलं काहीच ऐकू आलेलं नसतं.

यावर चालणारा उपाय जुनाच आहे: पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी बसून खोलीचा करार लिहायचा. मोठा दिवा किती वाजता बंद होणार, त्यानंतर टेबललॅम्प चालेल का, पाहुणे किती वाजेपर्यंत, न विचारता कोणत्या वस्तू घ्यायच्या नाहीत, झाडू कुणाचा कोणत्या दिवशी. सहा-सात ओळी पुरतात. कागद दाराच्या आतल्या बाजूला लावायचा आणि महिन्याभराने पुन्हा एकत्र वाचायचा. हे पुन्हा वाचणंच बहुतेक ठिकाणी राहून जातं आणि करार नुसता भिंतीवर उरतो. चांगल्या वसतिगृहात हाऊस पेरेंट, म्हणजे मुलांची देखभाल करणारी तिथली मोठी माणसं, ते आठवणीने करून घेतात. एखादं कॉलेज पारखताना पहिला प्रश्न हाच विचारावा: खोलीतलं भांडण मिटलं नाही तर पुढची पायरी कोणती, आणि खोली बदलायला किती दिवस लागतात?

फोनचा हिशेब घरच्यांनीही आधीच करून ठेवावा. कोस्टा रिका भारताच्या साडेअकरा तास मागे आहे. तिथे रात्रीचे दहा वाजले की आपल्याकडे सकाळचे साडेनऊ, म्हणजे बोलणं सोयीचं. वेल्स मात्र हिवाळ्यात साडेपाच तास मागे. मूल दिवसभराचं आटोपून साडेनऊला मोकळं होतं तेव्हा घरी पहाटेचे तीन वाजलेले असतात, म्हणून तिथे दुपारच्या जेवणाची सुट्टी किंवा शनिवार-रविवारच खरा. हाँगकाँग अडीच तास पुढे आहे. घरची जेवणं उरकून रात्री साडेनऊला फोन लावला की तिथे मध्यरात्र, आणि शेजारच्या पलंगावरच्या मुलाची झोप उडालेली. आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळा रोजच्या फोनपेक्षा बऱ्या. घरची ओढ पहिल्या आठवड्यात फारशी जाणवत नाही, तेव्हा सगळंच नवं असतं. ती दाटते तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात, आणि पुन्हा पहिल्या मोठ्या सुट्टीनंतर परतल्यावर. त्या काळातल्या रडव्या फोनवर लगेच तिकीट काढायला धावू नये. मात्र मूल जेवत नसेल, झोपत नसेल किंवा वर्ग बुडवत असेल, तर त्याच दिवशी हाऊस पेरेंटला कळवावं.

अभ्यासाचं ओझं खरं आहे आणि ते वाढतं दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात. सहा विषय, त्यांतले सहसा तीन उच्च पातळीवर. प्रत्येकाला ७ पर्यंत गुण, म्हणजे ४२, ज्ञानमीमांसेचा टीओके (थिअरी ऑफ नॉलेज) हा विषय आणि दीर्घ निबंध मिळून आणखी ३, एकूण ४५. दीर्घ निबंध ४,००० शब्दांपर्यंतचा, टीओकेचा निबंध १,६०० पर्यंतचा. शिवाय प्रत्येक विषयाचं अंतर्गत काम आणि त्याच महिन्यांत विद्यापीठांचे अर्ज. दीर्घ निबंधाचा कच्चा मसुदा पहिल्या वर्षाच्या सुट्टीत न झालेलं मूल नोव्हेंबरमध्ये हमखास अडकतं. सर्जनशीलता, खेळ आणि सेवा यांचा सीएएस हा भाग १८ महिने चालतो. त्याला गुण नाहीत, पण तो अपुरा राहिला तर डिप्लोमाच मिळत नाही. नोंदी दर आठवड्याला लिहाव्यात. शेवटी एकदम लिहायला बसलं की तारखाही आठवत नाहीत.

विषय निवडताना भारतात परतायचं असेल तर फार सावध राहावं. वैद्यकीय शाखेसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तिन्ही लागतात, पण आयबीच्या नेहमीच्या चौकटीत दोनच विज्ञान विषय सहज बसतात. तिसऱ्यासाठी कॉलेजमार्फत आयबीची खास परवानगी घ्यावी लागते, तीही सुरुवातीलाच. शिवाय आयबीच्या लेखी परीक्षा एप्रिलअखेरीपासून मे महिन्यात चालतात आणि ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षाही साधारण मेच्या पहिल्या रविवारी असते. दोन्हींची तयारी या वसतिगृहात राहून करणं जवळजवळ अशक्य आहे, आणि हे पालकांना स्पष्ट सांगायला हवं. अमेरिकेकडे ओढा असेल तर मात्र वाट पुष्कळ सोपी. २००० पासून सुरू असलेला डेव्हिस कार्यक्रम या कॉलेजांतून बाहेर पडलेल्यांना तिथल्या ठरावीक विद्यापीठांत गरजेनुसार मदत करतो.

भाषेचा मुद्दा माहितीपत्रकात एका ओळीत उरकतात, पण तो एका ओळीचा नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिले तीन-चार महिने इंग्रजी समजतं, पण गप्पांच्या वेगात तोंड उघडता येत नाही. वर्गात शिक्षक थांबतात, जेवणाच्या टेबलावर कुणी थांबत नाही. लिहायच्या कामात आधार देणारा वेगळा शिक्षक कॉलेजात आहे का, हे विचारून घ्यावं. मातृभाषा सोडायचीही गरज नाही. कॉलेजात शिक्षक नसलेल्या भाषेचं साहित्य स्वयंअध्ययनाने, सामान्य पातळीवर घेता येतं. त्यात नऊ कलाकृती वाचायच्या असतात. आपली भाषा त्या वर्षी घेता येईल का याची खात्री निवड होताच करावी आणि पुस्तकं सोबतच न्यावीत. दोन भाषांचं साहित्य घेऊन दोन्हींत किमान ३ गुण मिळवले की द्विभाषिक डिप्लोमा मिळतो. ही तरतूद या शिक्षणक्रमातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे, आणि फार थोडी मुलं तिचा लाभ घेतात.

सांस्कृतिक संध्याकाळी देखण्या असतात, पण त्यांवरून कॉलेजची पारख होत नाही. पारंपरिक पोशाख, दोन नाच, एक पदार्थ, आणि अख्खा देश तेवढ्यात मावतो. त्यापेक्षा वसतिगृहाच्या आठवडी बैठकीत काय चालतं ते विचारा. दोन देशांत युद्ध पेटलंय आणि दोन्हीकडची मुलं एकाच मजल्यावर राहतात, तेव्हा पहिल्या रात्री त्यांच्याशी कोण बोलतं? सगळ्यांना लगेच एकत्र बसवणारी कॉलेजं घाई करतात. आधी वेगवेगळं ऐकून घेणारी, घरच्यांशी संपर्क लावून देणारी आणि चर्चा मुलांच्या इच्छेवर सोडणारी कॉलेजं हे काम चांगलं करतात.

मेसबद्दल एवढंच: शाकाहाऱ्याची उपासमार होत नाही, पण प्रथिनं कमी पडतात. डाळी, कडधान्यं आठवड्यातून किती वेळा मिळतात आणि मुलांच्या वापरासाठी स्वयंपाकघर आहे का, हे विचारा. सामायिक फ्रिजमध्ये नाव आणि तारीख न लिहिलेला डबा टिकत नाही.

उरला सुट्ट्यांचा प्रश्न. हिवाळ्याच्या सुट्टीत वसतिगृह उघडं असतं का? बंद असेल तर घरी न जाऊ शकणाऱ्यांची सोय यजमान कुटुंबात होते की मुलांनी स्वतः बघायची? सामान कुठे ठेवायचं? व्हिसाच्या अटींमुळे मध्ये देश सोडणं अवघड होतं का? आणि रात्री दोन वाजता ताप चढला तर दार कुणाचं ठोठवायचं? याचं उत्तर प्रवेश कार्यालयाकडून घ्याच, पण दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या, आपल्यासारख्याच लांबून आलेल्या मुलाशी अर्धा तास बोलण्याची परवानगीही मागा. त्याला मागची डिसेंबरची सुट्टी दिवसवार सांगायला लावा.