म्हापशात केलेली कॅरियर स्क्रीनिंग टेस्ट : घ्यावी का, कुणी घ्यावी

बाळाचा विचार सुरू केल्यावर आम्ही दोघांनी जेनेटिक टेस्ट करून घेतली. रक्त म्हापशाच्या कलेक्शन सेंटरवर दिलं, पुढे सॅम्पल गोव्याबाहेरच्या लॅबला जातं. लॅबचं नाव लिहीत नाही, कारण काही गोष्टी अजिबात आवडल्या नाहीत, पण अनुभव लिहायलाच हवा असं वाटलं, कारण आपल्याकडे याबद्दल कुणी बोलतच नाही.

कारण असं की नवऱ्याच्या मावसभावाच्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे अंगात पुरेसं हिमोग्लोबिन बनतच नाही असा जन्मजात आजार. दर थोड्या आठवड्यांनी बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात रक्त चढवायला न्यायचं, आणि त्या रक्तातून अंगात साठणारं लोह बाहेर काढायला गोळ्या वेगळ्या. तिचे आईबाप दोघंही ठणठणीत, कारण ते मायनर किंवा कॅरियर, म्हणजे हिमोग्लोबिन बनवणाऱ्या एचबीबी जीनच्या दोन कॉपींपैकी एकच बिघडलेली, त्यांना स्वतःला कधी त्रासच झाला नाही तर कळणार कसं? दोघं मायनर असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ मेजर असण्याची शक्यता 25 टक्के, आणि ती दर वेळी नव्याने, एकाला झालं म्हणून पुढची सुटली असं नाही.

आधी आम्ही साधी एचपीएलसी केली, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी टेस्ट. ही स्वस्त टेस्ट आहे आणि खरं तर बहुतेकांना एवढीच पुरते. एचबीए2 हा हिमोग्लोबिनचा एक प्रकार, तो मायनर माणसात जास्त असतो; नवऱ्याचा पाच टक्क्यांच्या वर, म्हणजे सरळ मायनर. माझं 3.4, अगदी काठावर, वर मला लोहाची कमतरता, आणि लोह कमी असलं की एचबीए2 खोटं कमी दिसू शकतं, म्हणून डॉक्टरांनी डीएनए टेस्ट करा म्हटलं. आई लगेच, "आपल्या घरात असलं कुणाला नाही गो, ते त्यांच्या बाजूचं." आई, मायनर माणसाला काही होतच नाही, मग घरात आहे की नाही हे कळणार कुठून!

आता टेस्टबद्दल. रक्त घेणारी मुलगी छान होती, घाई नाही, ट्यूबवर नाव आमच्यासमोर लिहिलं. पण फॉर्मवर 'डेटा संशोधनासाठी वापरायला हरकत नाही' यावर आधीच टिक मारलेली. संशोधनाला माझा विरोध नाही, उलट व्हावं असंच वाटतं, पण विचारून घ्या ना, हा माझा आणि माझ्या भावंडांचाही डीएनए आहे. सांगितल्यावर नवीन फॉर्म दिला. दुसरं म्हणजे सेंटरवाले शेकडो जीन्सचं महागडं पॅकेज गळ्यात मारायला बघतात. आम्ही ते घेतलं आणि रिपोर्टमध्ये भलत्याच एका जीनबद्दल लाल अक्षरात 'अनिश्चित' असं आलं, रात्रभर झोप नाही.

इथे रिपोर्ट समजावणाऱ्या लॅबच्या काउन्सेलर बाईंना पैकीच्या पैकी मार्क. व्हिडिओ कॉलवर कागदावर चौकोन काढून सगळं समजावलं. अनिश्चित म्हणजे हा बदल त्रासदायक की निरुपद्रवी हे आज कुणालाच सांगता येत नाही, त्यावरून काहीही निर्णय घ्यायचा नाही. आजवरचा बराचसा डेटा युरोपीय वंशाच्या लोकांचा, म्हणून आपल्यातले साधे बदलही अनोळखी दिसतात. आपल्याकडे जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पात 10,000 भारतीयांचे जीनोम वाचून झालेत, असा डेटा वाढेल तसे हे प्रश्न सुटत जातील. माझ्या एचबीबीमध्ये बिघाड सापडला नाही. बाळ मेजर असण्याची शक्यता अगदी शून्य झाली असं नाही, पण खूप खाली आली, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं. आणि नवऱ्याच्या भावंडांना तपासा, प्रत्येकाला मायनर असण्याची शक्यता निम्मी, हे त्यांनी आपणहून सांगितलं, लेखी रिपोर्टमध्ये त्याचा शब्द नव्हता.

मी जीन थेरपीचंही विचारलं, त्या पोरीसाठी. कॅसजेव्ही नावाच्या थेरपीला नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने पहिली मान्यता दिली, पेशंटच्याच मूळपेशी काढून त्यात बदल करतात म्हणजे गर्भात असताना बनतं ते हिमोग्लोबिन पुन्हा बनायला लागतं, पण त्या पेशी परत सोडण्याआधी कडक केमो घ्यावी लागते आणि अमेरिकेत किंमत 22 लाख डॉलर. मावसभावाला हा आकडा सांगायची माझी हिंमत नाही झाली. सख्ख्या भावंडाचा बोन मॅरो जुळला तर ट्रान्सप्लांटने बरं होता येतं, त्यांची खटपट आता त्याचीच चालू आहे.

पाचपैकी साडेतीन स्टार देते, त्यातले तीन काउन्सेलर बाईंचे. जाणार असाल तर एचपीएलसी आणि लोहाचा रिपोर्ट आधी करून सोबत न्या, फक्त एचबीबीची टेस्ट मागा, आणि पैसे भरण्याआधी विचारा की रिपोर्ट समजावायला माणूस मिळणार की नुसती पीडीएफ. धाकट्या दिराचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरतंय, त्याची एचपीएलसी या आठवड्यात आहे आणि मुलीकडच्यांनीही तिची करून घ्यायला हो म्हटलंय.