पावसाच्या पाण्याच्या लोखंडी टाकीसाठी इपॉक्सी लेप : वापरानंतरचे परीक्षण

रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी छपराचे पाणी साठवणारी लोखंडी टाकी आहे. तिच्या आतून गेल्या उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित असलेला, दोन घटक कालवून बनणारा, सॉल्व्हंट (पातळ करणारा द्रव) नसलेला इपॉक्सी, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या राळेचा, लेप लावून घेतला. त्यानंतरच्या पावसाळ्यात टाकी भरलेली होती, आणि रिकामी करून पाहिली तेव्हा पत्र्यावर कोठेही तांबूस डाग नव्हता. लेप निःसंशय चांगला आहे. परंतु डब्यावरील वर्णन वाचून जितके सोपे वाटते तितके हे काम सोपे नाही.

पावसाचे पाणी शुद्ध, म्हणून ते लोखंडाला निरुपद्रवी, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे त्याचा पीएच ५.६ च्या आसपास असतो, म्हणजे ते किंचित आम्लधर्मी असते, आणि त्यात क्षार जवळजवळ नसल्याने, विहिरीच्या जड पाण्यात पत्र्यावर चुन्याचा जो संरक्षक थर धरतो, तो येथे धरत नाही. अशा पाण्यात जस्ताचा मुलामाही हळूहळू झिजतो. पाण्याची पातळी जेथे वरखाली होते तो पट्टा, वेल्डिंगचे सांधे, तळाच्या गाळाखालचा भाग आणि वाफ गोठून थेंब धरणारी झाकणाची आतली बाजू, येथे गंज आधी दिसतो. झाकणाची आतली बाजू कारागीर हमखास सोडून देतात, तेव्हा ती आपणच आठवणीने करून घ्यावी.

लेपाचे यश पृष्ठभागाच्या तयारीवर अवलंबून असते. आमच्या कारागिरांनी ब्लास्टिंग करून, म्हणजे हवेच्या दाबाने खरखरीत कणांचा मारा करून, पत्रा राखाडी, खरखरीत होईपर्यंत साफ केला, सांध्यांवर आधी ब्रशने हात मारला आणि दुसरा थर वेगळ्या रंगाचा दिला, त्यामुळे सुटलेली जागा लगेच नजरेत भरली. ही काळजी मला फार मोलाची वाटली. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांहून अधिक असताना लेप लावू नये, आणि पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे थेंब होऊ लागतात त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी जास्त असावे, हा नियम कोकणात कसोशीने पाळावा लागतो. पहाटेच्या दमट हवेत काम सुरू करण्याचा आग्रह कोणी धरला, तर त्याला ठामपणे नकार द्यावा. बंद टाकीत काम करणाऱ्या माणसासाठी हवा खेळती ठेवणारा पंखा आणि बाहेर एक सोबती असलाच पाहिजे, कारण लोखंड गंजताना टाकीतील प्राणवायू कमी होतो आणि तो धोका डोळ्यांना दिसत नाही.

उणिवा दोन आहेत. एका डब्यात किती क्षेत्र रंगवले जाईल याचा छापलेला आकडा गुळगुळीत पत्र्यासाठीचा असतो. खड्डे पडलेल्या जुन्या पत्र्यावर माल बराच अधिक लागतो. दुसरे असे की, उन्हाळ्याच्या उष्म्यात एकत्र केलेले मिश्रण लवकर घट्ट होते, म्हणून थोडे थोडे कालवावे. स्वस्त म्हणून डांबरी इपॉक्सी किंवा शेंदरी रेडलेड (शिसेयुक्त) प्रायमर मात्र पिण्याच्या पाण्याच्या टाकीत कधीही वापरू नये. काही दुकानांत लेपाऐवजी, लोखंडाच्या बदल्यात स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा दांडा टाकीत टांगण्याचे सुचवले जाते. पण पावसाच्या पाण्यातून वीज फारशी वाहत नसल्याने त्या दांड्याचे संरक्षण आसपासच्या थोड्याच भागापर्यंत पोहोचते.

खर्च निश्चितच आहे, तरीही पत्रा शाबूत असेल तर नवी टाकी घेण्यापेक्षा मी याच मार्गाची शिफारस करेन. स्टेनलेस स्टीलचा विचार असेल, तर समुद्राच्या खाऱ्या हवेत ३०४ दर्जाच्या पत्र्यालाही तांबूस ठिपके पडू शकतात आणि तेथे मॉलिब्डेनम असलेला ३१६ दर्जा घ्यावा लागतो, हे ध्यानात ठेवावे. काम ठरवण्यापूर्वी तळ व सांधे हातोडीने हलकेच ठोकून पाहावेत. आवाज बद्द येत असेल किंवा पत्रा दबत असेल, तर अशा टाकीवर लेपाचा खर्च करू नये.