दवाखान्याच्या पैशाचा हिशोब: अधिवेशनात प्रश्न लावायचा की कॅगचा अहवाल धरून बसायचं?

परवा तालुक्यातली तीन-चार पोरं घरी आली, मोबाईलमध्ये फोटो घेऊन. ग्रामीण रुग्णालयात आलेली मशीन वर्षभर खोक्यातच पडून आहे, आणि त्यांचं आपसात भांडण असं की आमदारांना सांगून प्रश्न लावायचा की कॅग (सरकारी खर्चाचं ऑडिट करणारे), लोकलेखा समिती (त्यांच्या अहवालावर खात्याला जाब विचारणारी सभागृहाची समिती) वगैरे मोठ्या दाराला हात घालायचा. मी दोन्हीकडे थोडाफार हिंडलोय म्हणून लिहून टाकतो. दोन्ही वाटा शेवटी विधिमंडळातच जातात, पण एक एसटी आहे आणि दुसरी मालगाडी.

त्याआधी एक गोष्ट बघा, दवाखाना नक्की कुणाचा आहे. उपकेंद्र आणि पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि सिव्हिल सार्वजनिक आरोग्य विभागाचं, मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल वैद्यकीय शिक्षणवाल्यांचं, आणि पालिकेचा दवाखाना असेल तर पालिकेचा. हे चुकलं की कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरण्यातच अधिवेशन उरकतं, आणि हे चुकतंच, कारण लोकांच्या लेखी सगळा "सरकारी दवाखाना" एकच.

आता तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं असतं तो. याची भाषा एकदा वाचली की कायमची डोक्यात बसते. "अमुक रुग्णालयातील यंत्र बंद असल्याने रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय, असल्यास, चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि उत्तरंही ठरलेली: हे खरे नाही, अंशतः खरे आहे, प्रश्न उद्भवत नाही. आमच्याकडे काही वर्षांपूर्वी एक्स-रेचा प्रश्न लागला होता, मशीन होतं, टेक्निशियन नव्हता, उत्तर आलं "अंशतः खरे आहे, पद भरण्याची कार्यवाही सुरू आहे". आता मशीन आहे आणि ते चालवणारा माणूस नाही यात अंशतः काय आहे मला आजतागायत कळलेलं नाही.

पण गंमत अशी की उत्तर कसंही असो, प्रश्नाचा खरा फायदा उत्तर यायच्या आधीच होतो. प्रश्न लागला म्हटल्यावर मंत्रालयातून उपसंचालकांना फोन, तिथून सीएसना म्हणजे सिव्हिल सर्जनना, तिथून अधीक्षकांना, आणि अधीक्षक संध्याकाळपर्यंत माहिती पाठवा म्हणून क्लार्कच्या मागे, आणि या धावपळीत कधीकधी खोकं खरंच उघडतं! आमच्या एक्स-रेला त्याच महिन्यात आठवड्यातून दोन दिवस शेजारच्या तालुक्यातला टेक्निशियन यायला लागला होता. पुढे बंद झाला तो भाग वेगळा.

तोटा पण तिथेच. उत्तर लिहिणारा तोच, ज्याच्याविरुद्ध प्रश्न आहे. मंत्री वाचून दाखवतात ती माहिती त्याच रुग्णालयातून वर गेलेली असते, मध्ये कुणी जाऊन बघत नाही. शिवाय अधिवेशनं तीन, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात, दिवस मोजके, प्रश्नोत्तराच्या तासात थोडेच प्रश्न प्रत्यक्ष पुकारले जातात, बाकीच्यांची लेखी उत्तरं छापून येतात आणि उपप्रश्न विचारायचा राहून जातो. खरी मजा उपप्रश्नात असते, कारण तिथे छापील उत्तर पुरत नाही.

कॅगचं उलट आहे. तिथे ऑडिटवाले स्वतः येऊन स्टॉक रजिस्टर उघडतात, औषधाची एक्सपायरी बघतात, किती डॉक्टर मंजूर आणि किती हजर ते मोजतात. आधी हाफ मार्जिन मेमो म्हणजे जागेवरच खुलासा मागणारा कागद, मग इन्स्पेक्शन रिपोर्ट, आणि त्यातला मोठा माल असेल तो अहवालातला पॅरा होऊन राज्यघटनेच्या १५१ व्या अनुच्छेदाखाली राष्ट्रपती किंवा राज्यपालांमार्फत सभागृहात. त्यामुळे आकडा एकदा छापला गेला की "हे खरे नाही" म्हणणं अवघड जातं.

ताकद बघायची तर आयुष्मान भारतवरचा अहवाल बघा, ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत ठेवलेला. ७,४९,८२० लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाईल नंबर, ९९९९९९९९९९. आणि आधीच मयत दाखवलेल्या ३,४४६ पेशंटच्या नावावर हॉस्पिटलांना ६.९७ कोटी दिले गेलेले. सरकारने खुलासा केला की मोबाईल नंबरवरून पात्रता ठरतच नाही, ते एका परीने बरोबरही आहे, पण मेलेल्यांच्या उपचाराचं काय हा प्रश्न त्या खुलाशाने मिटत नाही. असली गोष्ट कुठल्याही आमदार-खासदाराच्या एकट्या प्रश्नातून बाहेर आली नसती, कारण ती दिसायला अख्खा डेटाबेस समोर लागतो.

मग अडचण काय? वेळ. महाराष्ट्राच्या सरकारी आरोग्यसेवेवरचा कॅगचा मोठा अहवाल २०२१-२२ पर्यंतच्या काळाचा, सभागृहात आला डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात. तेवढ्यात अधिकारी बदलतात, एखादा रिटायर पण होतो. खरेदीचंच बघा ना, २०१७ मध्ये औषधखरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे दिली, २०२३ मध्ये वेगळं प्राधिकरण काढायचा कायदा झाला, म्हणजे अहवाल वाचेपर्यंत ज्याला जाब विचारायचा ते दुकानच बदललेलं.

अहवाल आल्यावर पुढे लोकलेखा समिती. संसदेतल्या समितीत २२ जण, १५ लोकसभेचे, ७ राज्यसभेचे, मंत्री चालत नाही. १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा घ्यायची पद्धत पडली आणि त्यातले पहिले मिनू मसानी, जे एकेकाळी आपल्या मुंबईचे महापौर होते. समितीपुढे मंत्री नाही, सचिव साक्षीला येतो, आणि सचिवाला भाषण ठोकून सुटता येत नाही, कागद दाखवावा लागतो. पण बैठक बंद दाराआड, आणि सगळे पॅरे घ्यायला वेळ कुठे असतो, म्हणून थोडेच निवडले जातात, बाकीच्यांवर खात्याचे लेखी खुलासे. शिफारशी बंधनकारक पण नाहीत.

पीएचसीचा मामला असेल तर एक तिसरं दार आहे जे लोक विसरतात, विधिमंडळाची पंचायत राज समिती, म्हणजे पीआरसी. ही जिल्ह्यात येते. येणार म्हटलं की जिल्हा परिषदेत रंगरंगोटी, फायलींवरची धूळ झटकणं, डीएचओंची म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची झोप उडालेली. बघतात जुन्या वर्षांचे ऑडिट आक्षेप, पण सदस्य गाड्या काढून अचानक एखाद्या केंद्रावर जातात तेव्हा आजचंच दिसतं. दौरा कधी लागेल ते मात्र आपल्या हातात नाही, आणि ग्रामीण रुग्णालय तिच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे आमच्या पोरांना तिचा उपयोग शून्य.

तर पोरांना मी काय सांगितलं? एक मशीन, एक रुग्णालय आणि आत्ता चालू असलेला त्रास असेल तर प्रश्नच लावा, कॅगच्या नादी लागू नका, त्यांना पत्र पाठवता येतं पण ऑडिट त्यांच्या आखणीने चालतं, आपल्या तक्रारीने नाही. आणि जिल्हाभर सगळीकडेच मशीनं खोक्यात आहेत असा संशय असेल तर कॅगचा अहवाल आधी वाचा, मराठीत पण मिळतो, भाषा जरा दगडासारखी आहे. माझ्या मते सगळ्यात भारी काम तेव्हा होतं जेव्हा आमदाराच्या प्रश्नात "हे खरे आहे काय" च्या जागी अहवालातल्या पॅऱ्याचा नंबर येतो, की अमुक पॅऱ्यात असं म्हटलंय, त्यावर आजपर्यंत काय केलं. मग अंशतः वगैरे म्हणायला जागा कमी उरते. आणि मंत्र्यांनी सभागृहात "तीन महिन्यांत करू" म्हटलं तर ते लिहून ठेवा, आश्वासन समिती त्याच्यासाठीच आहे.

आमदार विरोधी पक्षाचा असेल तर हे सोपं, सत्ताधारी असेल तर "मी साहेबांशी बोलतो" वर गाडी अडते. आमचे सध्या सत्ताधारी आहेत.

म्हणून प्रश्नाच्या आधी माहिती अधिकार टाकायचं ठरलंय. मशीन कधी आलं, किती बिल झालं, इन्स्टॉलेशन रिपोर्ट आहे का, आणि रुग्णालयाचा शेवटचा इन्स्पेक्शन रिपोर्ट. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, म्हणजे अधिवेशनाआधी हातात कागद असेल. एकाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणायला पाठवलंय, बाकीचे ओट्यावर बसून अर्ज लिहितायत. आपल्या राज्यात एका विषयाचा एक अर्ज आणि तोही १५० शब्दांत, आणि पोरांचा पहिला मसुदा २३० चा झालाय, त्यातले साठ नुसत्या शिव्या नाहीत तर काय.